बिडाचे इंजिन आणि दाबाची हवा

पेट्रोलवर चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाची शक्ती अखेरीस त्याच्या सिलिंडरांत प्रत्येक वेळी किती हवा शिरते यावर ठरते, कारण पेट्रोल हवे तितके फवारता येते, पण ते जाळणारा प्राणवायू बाहेरच्या वातावरणातूनच ओढून घ्यावा लागतो आणि समुद्रसपाटीला त्या वातावरणाचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंड एवढाच असतो. ही मर्यादा ओलांडण्यासाठी क्रँकशाफ्टवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरून, पट्ट्याने फिरवले जाणारे आणि हवा आधीच दाबून सिलिंडरांकडे ढकलणारे जे यंत्र बसवतात, त्याला सुपरचार्जर म्हणतात. वातावरणाच्या दाबावर त्याने चढवलेल्या वाढीव दाबाला बूस्ट हे नाव आहे. टर्बोचार्जरही हेच काम करतो, मात्र तो पट्ट्यावर नव्हे, तर एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरतो. अमेरिकेत पिकअप ट्रक हे शेतावरच्या ओझ्यापासून रोजच्या कामावर जाण्यापर्यंत सगळ्याला पुरणारे वाहन असल्याने त्याच्या इंजिनावर सुपरचार्जर चढवण्याची हौस तेथे जुनी आणि फार पसरलेली आहे. तयार संच आणून तो बोल्टांनी आवळणे हे त्यातले सोपे काम होय; त्या सुपरचार्जरखालचे इंजिन ओझे ओढत, उन्हाळ्यात, चढणीवर आणि वर्षानुवर्षे तो दाब सोसेल असे बांधणे हे खरे काम. अशा बांधणीत धातूच्या ताकदीला महत्त्व आहेच, परंतु उष्णतेला बाहेर जाण्याची वाट मिळते का आणि तापलेल्या धातूला पसरायला जागा उरते का, या दोन प्रश्नांना त्याहून अधिक महत्त्व आहे, आणि बूस्टखाली मोडलेली बहुतेक इंजिने या दोन प्रश्नांकडे झालेल्या दुर्लक्षामुळेच मोडलेली असतात.

सुपरचार्जरचा जन्म मोटारीसाठी झालेला नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल येथील फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० साली दोन फिरत्या पाळ्यांच्या हवा ढकलणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढे अशा यंत्रांचा उपयोग लोखंडाच्या भट्ट्यांना वारा पुरवण्यासाठी झाला. गॉटलिब डायमलर यांनी १८८५ साली इंजिनाला दाबाची हवा पुरवण्याचे जर्मन पेटंट मिळवले आणि १९२१ साली मर्सिडीजने अशा मोटारी बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या. अमेरिकी ट्रकांशी या यंत्राचे नाते जोडले गेले ते मात्र १९३८ साली जनरल मोटर्सने काढलेल्या ७१ मालिकेच्या डिझेल इंजिनांमुळे. ही इंजिने द्विआघाती होती, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली हालचालीत त्यांचे सारे चक्र पुरे होई, आणि अशा इंजिनात जळालेला वायू हुसकावून ताजी हवा भरण्यासाठी वेगळा आघात नसल्याने ते काम रूट्स पद्धतीच्या भात्याकडे सोपवलेले होते. प्रत्येक सिलिंडर ७१ घनइंचांचा, म्हणून सहा सिलिंडरांच्या इंजिनाचे नाव ६-७१. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रक, बस आणि लष्करी सामानाच्या भंगारातून निघालेले हे भाते कॅलिफोर्नियातील वेगवेड्या तरुणांनी पेट्रोलच्या आठ सिलिंडरी इंजिनांवर चढवले आणि सुपरचार्जर हा हौशी कारागिराच्या आवाक्यात आला.

आज या कामासाठी सर्वाधिक निवडले जाणारे इंजिनही भंगारातूनच येते. जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ५.७ लिटरचे नवे अॅल्युमिनियमचे इंजिन आणले आणि त्याच आराखड्यावर १९९९ पासून ट्रकांसाठी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ब्लॉकची ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची इंजिने काढली. त्यांपैकी एलएम७ या नावाचे ५.३ लिटरचे इंजिन शेव्हरले सिल्व्हराडोपासून सबर्बनपर्यंत इतक्या गाड्यांत बसले की अमेरिकेतील क्वचितच एखादे भंगार आवार त्याच्यावाचून असेल. त्याच्या सिलिंडराचा व्यास ९६ मिलिमीटर, पिस्टनचा आघात ९२ मिलिमीटर, दाबगुणोत्तर ९.५ आणि कारखान्यातील शक्ती वर्षागणिक २७० ते २९५ अश्वशक्ती. दाबगुणोत्तर म्हणजे पिस्टन तळाशी असतानाच्या आणि माथ्याशी असतानाच्या सिलिंडरातील जागेचे प्रमाण. या इंजिनाचा ब्लॉक क्रँकशाफ्टच्या मध्यरेषेच्या बराच खाली उतरतो आणि क्रँकशाफ्ट धरणाऱ्या प्रत्येक टोपीला खालून चार व बाजूंनी दोन असे सहा बोल्ट आहेत, त्यामुळे तळाची चौकट हलत नाही. बीड जड असते, पण ते सहजी वाकत नाही, आणि सिलिंडराची भिंत गोल राहणे ही बूस्टसाठीची पहिली अट ते पाळते. मूळ अभियंत्यांनी हे इंजिन ओझे ओढत लाखो किलोमीटर चालावे म्हणून राखीव ताकद ठेवून आखले होते, आणि आजचा कारागीर जी शक्ती काढतो ती त्या राखीव साठ्यातूनच काढतो, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

बूस्टचा हिशेब हवेच्या तापमानापासून सुरू होतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक हाताला गरम लागते, कारण हवा दाबली की तापते, आणि सुपरचार्जरमध्ये नेमके हेच अतिशय मोठ्या प्रमाणावर घडते. दर चौरस इंचाला ८ पौंड बूस्ट धरला तर एकूण दाब वातावरणाच्या सुमारे १.५४ पट होतो. २७ अंश सेल्सियसची हवा आदर्श परिस्थितीत या दाबाला सुमारे ४० अंशांनी तापेल, परंतु साठ टक्के कार्यक्षमतेच्या यंत्रात ती ६५ अंशांहून अधिक तापते आणि ९० अंशांच्या पुढे जाऊन इंजिनात शिरते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून दाब १.५४ पट वाढूनही तिची घनता १.२६ पटच वाढते. ही हवा वाटेत थंड करणाऱ्या उपकरणाला इंटरकूलर म्हणतात, आणि त्याने हवा ५० अंशांपर्यंत आणली तर घनतेतील वाढ १.४३ पटींपर्यंत जाते. म्हणजे सुपरचार्जरच्या मेहनतीचा मोठा भाग इंटरकूलरअभावी वाया जातो, आणि वाया गेलेली ती मेहनत इंजिनात उष्णतेच्या रूपाने येऊन बसते. जुन्या रूट्स यंत्रात हवा आत दाबली न जाता नुसती पुढे ढकलली जाई आणि बाहेरच्या दाबाची हवा उलट शिरल्याने ती एकदम दाबली जाई, म्हणून ती फार तापे. स्वीडनच्या आल्फ लिसहोल्म यांच्या जोडस्क्रू रचनेत हवा पाळ्यांमध्येच क्रमाने दाबली जाते, तर ईटन कंपनीच्या नव्या रूट्स यंत्रांत चार पाळ्यांना १६० अंशांचा पीळ देऊन ही त्रुटी बरीच कमी केलेली आहे. तिसऱ्या, केंद्रोत्सारी प्रकारात बूस्ट फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे इंजिन हळू फिरत असताना तो जवळजवळ नसतोच. शर्यतीच्या मोटारीला ते चालते; ओझे घेऊन जागचा हलणाऱ्या ट्रकाला आरंभापासून जोर लागतो, आणि म्हणून ट्रकासाठी पहिले दोन प्रकारच योग्य ठरतात.

सिलिंडरात शिरलेल्या दाट आणि तापलेल्या हवेमुळे उद्भवणारा सर्वांत मोठा धोका म्हणजे नॉकिंग. ठिणगी पडल्यावर ज्वाला प्लगपासून भिंतीकडे पसरत जाते, आणि तिच्यापुढे अजून न जळालेले मिश्रण दाबले जाऊन तापत राहते. ज्वाला तेथे पोहोचण्याआधीच ते आपोआप पेटले तर सारे एका क्षणी भडकते आणि दाबाच्या लाटा पिस्टनवर आपटतात. एरवी जळत्या वायूचे तापमान २,००० अंशांच्या वर असूनही ६६० अंशांना वितळणारे अॅल्युमिनियम टिकते, ते पिस्टनच्या पृष्ठभागाला चिकटून राहणाऱ्या वायूच्या पातळ, तुलनेने थंड थरामुळे. नॉकिंगच्या लाटा तो थर खरवडून काढतात आणि मग उष्णता थेट धातूत शिरते. उपाय अनेक आहेत आणि त्यांतला प्रत्येक काहीतरी किंमत मागतो. ठिणगी उशिरा पाडली तर दाबाचे शिखर खाली येते, पण एक्झॉस्टचे तापमान वाढते. म्हणून बूस्टच्या दर पौंडामागे साधारण एक अंश ठिणगी मागे घेण्याचा जो ढोबळ नियम कारागीर वापरतात, तो केवळ आरंभबिंदू मानावा लागतो. दाबगुणोत्तर उतरवले तर सुरक्षितता वाढते, पण बूस्ट नसताना रोजच्या चालवण्यात इंजिन सुस्त होते आणि पेट्रोलही अधिक लागते. उरतो इंधनाचा दर्जा. नॉकिंग रोखण्याची इंधनाची क्षमता सांगणारा, अमेरिकी पंपावरचा ८७, ९१ किंवा ९३ हा ऑक्टेन आकडा दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो, तर भारतात त्यांपैकी अधिक आकडा देणारी एकच चाचणी धरली जाते, त्यामुळे तेथील ९१ हे येथील पद्धतीने ९५ ते ९६ च्या जवळ जाते, ही गोष्ट तेथील अनुभव वाचताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. इथेनॉलचे प्रमाण अधिक असलेले ई८५ इंधन बाष्प होताना फार उष्णता शोषते आणि नॉकिंगला उत्तम रोखते. मात्र ते सुमारे तीस ते चाळीस टक्के जास्त लागते आणि सगळीकडे मिळत नाही, म्हणून ओझे घेऊन राज्याराज्यांतून फिरणाऱ्या ट्रकाने त्याच्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

उष्णतेचा हाच प्रश्न इंजिनातील सर्वांत लहान मापापाशी येऊन ठेपतो, आणि ते माप म्हणजे पिस्टन-रिंगेच्या दोन टोकांमधली फट. रिंग पूर्ण वर्तुळ नसते. ती सिलिंडरात बसावी आणि तापून पसरता यावी म्हणून तिला एक छेद असतो. कारखान्यात ही फट लहान ठेवतात, कारण तिच्यातून वायू निसटला तर प्रदूषण आणि तेलाचा खप वाढतो, आणि बूस्टवाचून चालणाऱ्या इंजिनाला ती पुरतेही. बूस्ट आला की वरची रिंग अधिक तापते. ९६ मिलिमीटर व्यासाच्या रिंगेचा परीघ ३०० मिलिमीटरांच्या किंचित वर असतो आणि ती आणखी १०० अंश तापली तर हा परीघ सुमारे ०.३३ मिलिमीटरने वाढतो. सिलिंडराची भिंत मात्र पाण्याने थंड राखलेली असल्याने तेवढी पसरत नाही. फट संपली आणि टोके एकमेकांना भिडली की रिंगेला वाढायला दुसरी वाट नसते, ती बाहेरच्या दिशेने भिंतीत रुतते, जागच्या जागी अडकते, आणि वेगाने खाली जाणाऱ्या पिस्टनचा माथ्याजवळचा काठ, ज्यात रिंगेची खाच असते, तुटून निघतो. मूळ स्थितीतील ५.३ लिटरचे इंजिन बूस्टखाली मोडते तेव्हा उघडल्यावर बरेचदा हाच तुटका काठ सापडतो, आणि दोष ओतीव पिस्टनच्या ठिसूळपणाला दिला जातो. तो दोष अर्धाच खरा आहे. मूळ पिस्टन सिलिकॉन अधिक असलेल्या अॅल्युमिनियमचे ओतीव असतात, ते कमी पसरतात आणि झिजत नाहीत, पण धक्क्याने तडकतात हे खरे. तरीही फट वाढवलेली असती तर त्यांतील अनेक पिस्टन तो दाब सोसून गेले असते.

म्हणूनच इंजिन बांधणारा जाणकार सर्वांत जास्त वेळ या फटीवर घालवतो. बूस्टवाचूनच्या इंजिनासाठी व्यासाच्या दर इंचामागे इंचाचा चार सहस्रांश आणि बूस्टसाठी सहा सहस्रांश असा प्रचलित हिशेब आहे, त्यानुसार ५.३ लिटरच्या सिलिंडराला सुमारे ०.५८ मिलिमीटर आणि १०१.६ मिलिमीटर व्यासाच्या ६.० लिटरला सुमारे ०.६१ मिलिमीटर फट येते. प्रत्येक रिंग ज्या सिलिंडरात बसायची त्याच सिलिंडरात घालून, उलट्या पिस्टनने सरळ ढकलून, फीलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी, मोजावी लागते आणि कमी भरल्यास एकाच टोकाला, बाहेरच्या कडेकडून आत अशी एकाच दिशेने कानस चालवावी लागते, म्हणजे भिंतीला घासणाऱ्या कडेचा टवका उडत नाही. नंतर कडेची बारीक धार दगडाने मारून पुन्हा मोजायचे. दुसऱ्या रिंगेची फट पहिलीपेक्षा थोडी मोठी ठेवतात, कारण दोन रिंगांच्या मध्ये वायू कोंडला तर तो पहिल्या रिंगेला खालून उचलतो आणि तिची पकड सुटते. सोळा रिंगांचे हे काम कंटाळवाणे आहे आणि पूर्ण झालेल्या इंजिनात त्याचा मागमूसही दिसत नाही, पण इंजिनाचे आयुष्य इतक्या स्वस्तात वाढवणारे दुसरे कोणतेही काम या बांधणीत नाही.

पिस्टन बदलायचेच ठरले तर घडीव पिस्टन घेतात, आणि तेथेही जागेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. साच्यात वितळलेला धातू ओतून होते ती ओतीव वस्तू. तापवलेला, पण घट्ट धातू प्रचंड दाबाने ठोकून आकाराला आणली जाते ती घडीव वस्तू, जिच्यात धातूचे कण आकाराच्या ओघाने रचले जातात आणि ती तुटण्याआधी वाकते. पुण्याच्या मुंढव्यातील भारत फोर्जच्या, म्हणजे १९६१ साली स्थापन झालेल्या आणि अमेरिकी अवजड ट्रकांसाठी क्रँकशाफ्ट घडवून पाठवणाऱ्या कारखान्याच्या, परिचयामुळे ही प्रक्रिया महाराष्ट्राला अनोळखी नाही. घडीव पिस्टनांत ४०३२ आणि २६१८ असे दोन मिश्रधातू प्रचलित असून पहिल्यात सुमारे बारा टक्के सिलिकॉन असते, तर दुसऱ्यात ते जवळजवळ नसते. २६१८ अधिक चिवट आहे, पण तापल्यावर अधिक पसरतो, म्हणून त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी मोकळीक ठेवावी लागते आणि थंड इंजिन सुरू केल्यावर पिस्टन भिंतीवर आपटल्याचा आवाज ऐकू येतो. शर्यतीच्या गाडीत या आवाजाची कोणी फिकीर करीत नाही, परंतु रोज सकाळी सुरू होऊन दिवसभर चालणाऱ्या ट्रकात मध्यम बूस्टसाठी ४०३२ हीच अधिक विचारपूर्वक निवड होय. सिलिंडर घासून नेमके करताना ब्लॉकवर हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, जागी जाड पोलादी पाट आवळून मग होनिंग करतात, कारण हेडचे बोल्ट आवळले की भिंती किंचित दबतात आणि पाटाशिवाय गोल केलेला सिलिंडर जुळणीनंतर गोल राहत नाही.

पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर दोन वेगळ्या स्वभावांची बळे काम करतात आणि त्यांची गल्लत अनेक चुकीच्या निर्णयांच्या मुळाशी असते. जळत्या वायूचा दाब १०० बारपर्यंत चढला, म्हणजे वातावरणाच्या सुमारे शंभरपट झाला, तर ९६ मिलिमीटरच्या पिस्टनवर ७ टनांहून अधिक भार येतो आणि तो रॉडला चेपू पाहतो. उलट इंजिन ६,५०० फेऱ्यांवर असताना एक्झॉस्टच्या आघाताच्या माथ्यावर, जेथे वायूचा दाब नसतो, पाऊण किलोच्या आसपास वजनाचा पिस्टन आणि त्याचे सोबती थांबवून परत ओढण्यासाठी सुमारे २ टनांचा ताण रॉडला आणि त्याच्या बोल्टांना सोसावा लागतो. बूस्टने पहिले बळ वाढते, दुसरे नाही. दुसरे वाढते ते फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून बूस्ट वाढवून फेऱ्या आवरत्या ठेवणे हे ट्रकाच्या इंजिनाला मानवते, पण त्याच वेळी कमी फेऱ्यांवर पूर्ण बूस्ट देणाऱ्या सुपरचार्जरमुळे चेपणारे बळ दीर्घकाळ टिकते आणि त्यात नॉकिंगची भर पडली तर रॉड वाकतो. मूळ रॉड दाबलेल्या पोलादी भुकटीचे घडीव असतात आणि त्यांची टोपी मुद्दाम तडकवून वेगळी केलेली असल्याने जोड अचूक बसतो. २००५ नंतर हळूहळू रुळलेल्या पुढच्या पिढीत ते अधिक जाड झाले, आणि म्हणून भंगारातून इंजिन निवडताना वर्ष पाहिले जाते. फार मोठी शक्ती हवी असल्यास ४३४० या निकेल-क्रोमियम मिश्रित पोलादाचे घडीव रॉड बसवतात. क्रँकशाफ्ट मात्र गोलकणी ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडाचा असूनही अपेक्षेपेक्षा पुष्कळ सोसतो आणि मध्यम बूस्टसाठी तो बदलणे हा अनावश्यक खर्च आहे.

क्रँकशाफ्टचा कमजोर भाग त्याच्या नाकाशी आहे, कारण सुपरचार्जरचा पट्टा तेथूनच फिरतो. वर मांडलेल्या ८ पौंड बूस्टच्या उदाहरणात ६,००० फेऱ्यांवर इंजिन दर सेकंदाला सुमारे ०.४५ किलो हवा ओढते, आणि ती ६५ अंशांनी तापवण्याइतके काम पट्ट्यावरून जात असल्याने त्याला सुमारे ४० अश्वशक्ती लागते. पुढच्या चाकाला, ज्याला कंपन शोषून घेणारा डँपर म्हणतात, या घराण्यातील इंजिनांत चावी नसते. ते क्रँकशाफ्टवर केवळ घट्ट बसवलेले आणि मध्यबोल्टने आवळलेले असते. दिवे, पाणी आणि वातानुकूलन चालवायला ती पकड पुरेशी आहे, पण ४० अश्वशक्तीचा पट्टा वेग एकदम बदलताना ती सोडवू शकतो, आणि चाक सरकले की पट्ट्याचा ताण आणि नाकाचा पृष्ठभाग दोन्ही बिघडतात. म्हणून चाक आणि शाफ्ट यांच्या सीमेवर भोके पाडून पोलादी पिना ठोकल्या जातात. हेड आणि ब्लॉक यांच्या जोडाला प्रत्येक सिलिंडराभोवती चारच मोठे बोल्ट असल्याने तेथेही पकड वाढवावी लागते. मूळ बोल्ट आवळताना कायमचे ताणले जातात आणि पुन्हा वापरता येत नाहीत, त्यांच्या जागी दोन्हीकडे आटे असलेले अधिक बळकट स्टड आणि पोलादी पापुद्र्यांची गॅस्केट बसवतात. जनरल मोटर्सने स्वतः २००७ साली शर्यतीसाठी काढलेल्या एलएसएक्स ब्लॉकला सिलिंडराभोवती सहा बोल्ट दिले, यावरून ही मर्यादा कारखान्यालाही मान्य होती असे दिसते.

कॅमशाफ्टबाबत थोडक्यात एवढेच सांगणे पुरे की इनटेक आणि एक्झॉस्टच्या झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा काळ कमी ठेवावा, नाहीतर दाबलेली ताजी हवा सरळ एक्झॉस्टमधून निघून जाते. झडपेची स्प्रिंगही थोडी ताठ लागते, कारण ४८ मिलिमीटरच्या इनटेक झडपेच्या पाठीवर ८ पौंड बूस्टचा सुमारे १० किलोचा भार येतो आणि तो तिला उघडी ठेवू पाहतो. इंधनाची मागणी मात्र नीट मोजावी लागते. ५०० अश्वशक्तीचे उद्दिष्ट धरले आणि बूस्टच्या इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला ०.६ पौंड पेट्रोल लागते असे मानले, तर पूर्ण जोरात दर मिनिटाला सुमारे ३ लिटर पेट्रोल जाते आणि मूळ इंजेक्टरांच्या जवळजवळ दुप्पट क्षमतेचे इंजेक्टर लागतात. इनटेकमधील दाब मोजणारा मूळ सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या जरा वरपर्यंतच आकडा दाखवतो. तो न बदलल्यास इंजिनाच्या संगणकाला बूस्ट आला हेच कळत नाही, तो वातावरणाच्या दाबापुरतेच पेट्रोल देत राहतो, मिश्रण विरळ होते आणि नॉकिंग सुरू होते. एका लहानशा सेन्सराच्या अभावी उत्तम घडीव पिस्टन जळून गेल्याची उदाहरणे या क्षेत्रात थोडी नाहीत.

या साऱ्या मापांना ट्रकाच्या संदर्भात वेगळे वजन येते. पाव मैलाच्या शर्यतीत पूर्ण बूस्ट दहा-बारा सेकंद टिकतो आणि तेवढ्या वेळात बिडाचा ब्लॉक पुरता तापतही नाही. ओझे ओढणाऱ्या ट्रकाला तो काही मिनिटे अखंड सोसावा लागतो. अमेरिकेत ओढक्षमतेची प्रमाणित चाचणी अॅरिझोनातील डेव्हिस डॅमच्या चढणीवर बेतलेली आहे: सुमारे १९ किलोमीटरांची सलग चढण, ३८ अंशांच्या घरातील किंवा त्याहून अधिक उष्मा, वातानुकूलन पूर्ण सुरू, आणि सर्वसाधारण पिकअपने ताशी ४० मैलांच्या खाली न येण्याची अट. सुपरचार्जर चढवलेल्या इंजिनाची परीक्षा अशाच रस्त्यावर होते. इंटरकूलरचे पाणी, जे वेगळ्या पंपाने गाडीच्या पुढच्या रेडिएटरमधून फिरते, पहिल्या काही मिनिटांत तापून स्थिरावते आणि त्यानंतर सिलिंडरात जाणारी हवा ५० नव्हे, ७० अंशांची असू शकते. म्हणून जाणकार ठिणगीचा तक्ता थंड हवेत मिळालेल्या सर्वोत्तम आकड्यावर न बेतता हवेच्या तापमानानुसार ठिणगी आपोआप मागे घेईल असा रचतात. डोंगरावर सुपरचार्जरचे दुसरे रूप दिसते. कोलोरॅडोतील आयझेनहावर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशच असतो; १.५४ पट दाब चढवणारा सुपरचार्जर तेथे इंजिनाला जवळजवळ समुद्रसपाटीचीच हवा देतो, म्हणजे ज्या ठिकाणी इतर ट्रक धापा टाकतात तेथे तो इंजिनावर फारसा वाढीव दाब न टाकता मूळ शक्ती परत मिळवून देतो. हीच गोष्ट सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली त्याच राज्यातील पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच शिखरावर विमानाचे लिबर्टी इंजिन ट्रकातून नेऊन टर्बो पद्धतीने सिद्ध केली होती: सपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० पर्यंत उतरले आणि दाबाच्या हवेने ३५६ वर गेले.

कारखान्यांनी स्वतः बांधलेल्या सुपरचार्जरच्या ट्रकांकडे पाहिले तर हीच शिस्त दिसते. फोर्डने १९९९ च्या एफ-१५० लाइटनिंगमध्ये ५.४ लिटरच्या इंजिनावर ईटनचा सुपरचार्जर बसवून ८ पौंड बूस्ट आणि ३६० अश्वशक्ती काढली, परंतु त्यासाठी दाबगुणोत्तर ९.० वरून ८.४ पर्यंत उतरवले आणि पाण्याचा इंटरकूलर दिला. रॅमच्या २०२१ च्या टीआरएक्समधील ६.२ लिटरचे इंजिन ७०२ अश्वशक्तीपर्यंत पोहोचते, आणि त्याच्या बिडाच्या ब्लॉकमध्ये सिलिंडरांच्या अधेमधे पाण्याच्या वाटा आहेत, क्रँकशाफ्ट घडीव पोलादाचा, पिस्टन घडीव मिश्रधातूचे आणि एक्झॉस्ट झडपांच्या दांड्यांत उष्णता वाहून नेणारे सोडियम आहे. दाब सोसणाऱ्या भागांइतकीच उष्णता काढून घेणाऱ्या भागांची ही यादी आहे. हौशी कारागिराकडे सिलिंडरांमध्ये नव्या पाण्याच्या वाटा कोरण्याचे साधन नसते. तो फटी, मोकळीक, ठिणगी आणि इंधन या मार्गांनीच तशा टिकाऊपणाजवळ पोहोचू शकतो, आणि म्हणून त्याने बूस्टचा आकडा ८ ते १० पौंडांच्या आसपास ठेवावा, हे मत अनुभवी लोकांत रुजलेले आहे आणि ते योग्यच आहे.

बांधलेले इंजिन रस्त्यावर आल्यावर त्याची तपासणी संपत नाही. रिंगेची फट मोठी ठेवल्याने थोडा वायू क्रँककेसमध्ये निसटतो आणि तेलाची वाफ इनटेककडे नेतो, जेथे ती मिश्रणाचा ऑक्टेन खाली आणते. ती अडवण्यासाठी नळीत तेल गोळा करणारा डबा बसवतात आणि तो ठराविक काळाने रिता करताना त्यातील तेलाचे प्रमाण टिपून ठेवतात, कारण ते एकाएकी वाढले तर एखाद्या सिलिंडराची रिंग बिघडू लागली असे समजावे. पहिल्या काही हजार किलोमीटरांनंतर प्लग काढून त्यांच्या चिनी मातीवर अॅल्युमिनियमचे बारीक चकाकते ठिपके आहेत का ते भिंगाने पाहतात. असे ठिपके म्हणजे पिस्टनचा पृष्ठभाग उडू लागल्याची खूण, आणि ती दिसली की ठिणगी दोन अंश मागे घेऊन, पेट्रोलचे प्रमाण तपासून, मगच गाडी पुन्हा ओझ्याला जुंपतात. त्यासोबत प्रत्येक सिलिंडरात बंद झडपांवर हवा भरून किती टक्के निसटते हे मोजतात आणि आठही आकडे वहीत उतरवतात. पुढच्या वर्षीच्या मोजणीत एकच आकडा इतरांपासून दूर गेलेला असेल, तर इंजिन मोडण्याच्या फार आधी, कोणता सिलिंडर उघडायचा हे कळलेले असते.